डिमोनाच्या उतारावरचे चार दिवे

नोकरीत शेकडो जबाब लिहून घेतले आणि बहुतेक विसरलो. पण त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यातला तो एक अपघात काही मनातून जात नाही.

मी तेव्हा इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावच्या ठाण्यात सार्जंट होतो. त्याआधी मुंबईत सात वर्षं पोलिसात काढलेली. त्यामुळे पंचनामा डोक्यात मराठीत तयार व्हायचा आणि कागदावर हिब्रूत उतरायचा.

मृत समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, भाजीचा एक ट्रक वळणावरून खाली घसरला. चालक मोरोक्कोहून आलेला, तिशीतला. त्याला थोडं खरचटलं, पण शेजारी बसलेल्या त्याच्या मेव्हण्याचं कमरेचं हाड मोडलं. चालक एकच सांगत होता, "समोरून चार दिवे आले. चार! मग मला रस्ताच दिसला नाही."

ठाण्यात कोणालाच ते पटलं नाही. डुलकी लागली असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. त्याचं लायसन जप्त झालं, खटला भरायची तयारी सुरू झाली. सासरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा, काही न मागता.

आठवड्याने दवाखान्याच्या रांगेत आमच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, आमच्या शेजाऱ्याच्या व्हॅनला पुढं दोन जादा दिवे होते. ट्रकची बातमी आली न् दुसऱ्या दिवशी त्यानं ते काढले. माझं नाव घेऊ नका. माणूस वाईट नाय हो."

तो शेजारी माझ्या ओळखीचा होता. पन्नाशीचा, मुंबईत स्वतःची टॅक्सी चालवलेला. इथे तो मृत समुद्राकाठच्या कारखान्याच्या पाळीचे कामगार व्हॅनने खाली पोचवायचा आणि रिकामी गाडी घेऊन वर यायचा. प्रार्थनेच्या वेळी आम्ही एकाच बाकावर बसत असू.

मी गाडी तपासली. बंपरवर दोन भोकं होती, त्यांवर ताजा रंग. डॅशबोर्डवर स्विच काढल्याची खूण. बॅटरीजवळ कापलेल्या वायरीचं एक टोक, त्यावरचं रबर करपून कडक झालेलं. वाहन तपासणीच्या कचेरीतल्या माणसाला ते टोक दाखवलं. तो म्हणाला, "ही दारावरच्या घंटीची वायर आहे. दोन मोठ्या दिव्यांचा भार तिला झेपणार नाही. मधे फ्यूज नाही, रिले नाही, आणि वीज थेट बॅटरीतून घेतलेली. जादा दिवे लावायचे तर आधी आम्हाला दाखवायला हवेत. हेडलाइट खाली केले की तेही विझले पाहिजेत. हे कसे विझणार?"

त्या माणसाला ठाण्यात बोलावलं. माझ्या वरिष्ठांनी दोन तास हिब्रूत विचारपूस केली. तो प्रत्येक प्रश्नाला पाठ केल्यासारखं उत्तर देत होता. दिवे नव्हते. त्या दिवशी तिथे नव्हतो. माहीत नाही.

वरिष्ठ चहाला उठले. मी खुर्ची पुढे ओढली आणि मराठीत म्हणालो, "दादा, तो ट्रकवाला बाहेर पायरीवर बसलाय. येताना बघितलात ना?"

त्याने मान खाली घातली. "बघितला."

"त्याला लोक म्हणतात, तू झोपला होतास."

"झोपला नव्हता तो!" तो एकदम बोलून गेला. "मी डिपर दिला होता, साहेब. आयशप्पत दिला होता. हेडलाइट खाली झाले, पण ते दोन दिवे बंदच होईनात. स्विच तापून आतल्या आत चिकटला होता. मी खटाखट दाबत राहिलो. ट्रक बाजूने गेला, मला वाटलं वळणाआड गेला. सकाळी कळलं."

मग त्याने सगळंच सांगितलं. दिवे त्याच्या मुंबईच्या टॅक्सीचे होते. गाडी विकली, दिवे मात्र ट्रंकेतून इकडे आणले. बायको आजारी आईसाठी पाच वर्षं मागे राहिली होती. आई वारली, आता वसंतात ती विमानाने येणार होती. "त्याच गाडीतून आम्ही पेणवरून अलिबागला जायचो," तो म्हणाला. "म्हटलं, विमानतळाबाहेर तिनं लांबूनच दिवे ओळखावेत. परक्या मुलखात उतरली असं तिला वाटू नये."

मी ते जबाबात लिहिलं नाही. हिब्रूत कसं लिहायचं तेच सुचेना. वायर, स्विच, वेळ, ठिकाण एवढंच लिहिलं आणि सही घेतली.

ट्रकचालकावरचा आरोप मागे घेतला. लायसन परत देताना मी त्याला सांगितलं, "चारच होते." तो तिथेच रडला. मेव्हणा चालू लागला, पण लंगडत. आमच्या माणसाला शिक्षा म्हणून वर्षभर गाडी चालवायची बंदी झाली, नोकरी गेली. बायकोला आणायला तो बसने गेला. पुढे एकदा भेटल्यावर म्हणाला, "साहेब, ती माझ्या समोरून निघून गेली. केस पिकलेले, मीच ओळखलं नाय. मग तिनंच मागं वळून हाक मारली."

गुन्हेगार शोधताना हेतू शोधावा, असं आम्हाला शिकवलं होतं. हेतूत एवढी माया असू शकते आणि तरी त्याने कोणाचं हाड मोडू शकतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. दुसरी गोष्ट माझ्यापुरती आहे. हिब्रूत त्याला खोटं बोलता येत होतं, मराठीत नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. कायद्याने माझं काही चुकलं नाही. पण त्यानंतर प्रार्थनेला तो दुसऱ्या बाकावर बसू लागला. माझी मुलं घरात हिब्रूत उत्तर देत, ठाण्यात मराठी जाणणारा दुसरा कोणी नव्हता. आठवड्यातून एकदा कोणी शेजारी बसून अलिबागच्या गोष्टी कराव्यात, एवढीच माझी चैन होती. ती मी त्या दुपारी स्वतःच्या हाताने संपवली, आणि तीस वर्षं झाली तरी बाकावरच्या त्या मराठी आवाजाची वाट पाहतो आहे.