मागच्या रांगेतला वन्स मोअर

मंडळी, दुपारचा प्रयोग डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहून राहिले.

आज नांदेडात एका जुन्या संगीत नाटकाचा नव्या संचातला प्रयोग होता. औशाहून माझी अक्का खास त्यासाठी आली. आमचे दादा, म्हणजे वडील, नाट्यसंगीताचे लई वेडे. मुदखेडहून रेल्वेनं यायचे आणि पद आवडलं की उभं राहून ओरडायचे, "वन्स मोअर, माय!" गायिका कुणीही असो, त्यांची ती मायच. आम्ही पोरी लाजून मान खाली घालायचो. दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आमच्या मागच्या खुर्च्या मोडक्या, म्हणून दोरी बांधून बंद केलेल्या. दुसऱ्या अंकात नायिकेचं पद संपलं, टाळ्या थांबल्या, आणि नेमका तिथूनच आवाज आला, "वन्स मोअर, माय!"

अक्कानं माझं मनगट गच्च धरलं. दोघींनीही मान वळवली नाही.

आमचा भास म्हणावा, तर गायिकेनं आमच्या डोक्यावरून मागं बघत हात जोडले आणि तेच पद पुन्हा धरलं.

ऑटोत बसल्यावर मी विचारलं, "अक्का, वळून का न्हाई बघितलंस?"

"खुर्ची रिकामी दिसली असती, तर दादा परत एकदा गेले असते गं."

"आन् रिकामी नसती तर?"

तिनं पुन्हा माझं मनगट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

खरं सांगा, तुम्ही वळून बघितलं असतं?