महाराजांचा अंगठा आणि पळणारा गेम

"मॅडम, हा गेम पळून राहिला," दिगंबर महाराज म्हणाले आणि रिमोट टेबलावर ठेवून दिला.

"गेम बराबर आहे, महाराज. अंगठ्याला अजून वेळ लागतोय," मी म्हणाले. 'अजून वेळ लागतोय' हे मी दिवसभर कुणाला ना कुणाला ऐकवत असते. त्यामुळे ते विचार न करताच तोंडातून निघालं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वसमतला माझं छोटं क्लिनिक आहे. लोक मला 'मालिशवाल्या मॅडम' म्हणतात. मी मालिश करत नाही, हे मी प्रत्येकाला समजावून सांगते. ते मान डोलावतात आणि मालिशसाठी खांदा पुढे करतात.

दिगंबर महाराज औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात महादेवाचे पुजारी. वय पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला, बोलणं सुधारलं, पायही चालायला लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं वळायची, पण उशिरा आणि रुसल्यासारखी.

त्या देवळाची पूजा भावकीतल्या तीन घरांत वाटलेली आहे. महाराजांच्या घराची पाळी महाशिवरात्रीला येत होती. त्यांच्या चुलतभावानं निरोप पाठवला होता, "दादा, तुमी आराम करा. या वर्षी आमी बघतो." वरवर पाहता निरोप मायेचा होता. पण एकदा सोडलेली पाळी भावकीत सहजी परत मिळत नाही, हे महाराजांना ठाऊक होतं. शिवाय अभिषेक गडूनं करायचा, न तुटणारी बारीक धार धरून, आणि उजव्याच हातानं.

"डाव्या हातानं देवाला पाणी घालू काय?" ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते.

लकव्यानंतर मेंदूला हाताकडे जाणारी वाट पुन्हा शिकवावी लागते. त्यासाठी तीच ती हालचाल शेकडो वेळा करावी लागते. रबरी चेंडू दाबा, खुंट्या भोकांत बसवा, पुन्हा काढा, पुन्हा बसवा. रुग्ण बरा होण्याआधी कंटाळतो, आणि आमच्या धंद्यातली निम्मी लढाई त्या कंटाळ्याशीच असते. महाराज तर चार दिवसांतच कंटाळले. देवाला कुणी शिळं फूल वाहिलं तर बघावं तसे ते खुंट्यांच्या फळीकडे बघायचे.

एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "लहानपणी हा अंगठा लई चालायचा. आमच्या गल्लीत कॅसेटचा गेम मीच संपवायचो." टीव्हीला जोडायच्या त्या काळ्या डब्याची आणि पिवळ्या कॅसेटची आठवण निघाली आणि माणूस एकदम उजळला. हेल्मेट घातलेला छोटा माणूस, खड्डे, सरकत्या फळ्या. कुठल्या भिंतीमागं जादा जीव लपवलाय तेसुद्धा त्यांना पाठ होतं.

मी शोधलं. तो गेम आता इतर जुन्या गेमांसोबत एका संचात, नव्या रूपात मिळत होता. अशा संचाला रीमास्टर्ड कलेक्शन म्हणतात. म्हणजे जुने गेम घासूनपुसून, चित्र स्वच्छ करून, आजच्या टीव्हीवर आणि लॅपटॉपवर चालतील असे एकत्र विकायचे. किंमत बघून माझे यजमान म्हणाले, "जुनाच गेम नव्या भावात? वर तू खेळणार पण नाहीस." मी त्यांना म्हटलं, हे क्लिनिकचं उपकरण आहे. आणि घेऊन टाकलं.

पहिल्या दिवशी महाराज लेकरासारखे हरखले. चित्र काचेसारखं लख्ख. चूक झाली तर गेम थोडा मागे नेणारं बटणसुद्धा होतं. ते त्यांनी एकदाच दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही लबाडी हाय." मला बरंच वाटलं, कारण मागे जात बसले असते तर अंगठ्याला व्यायाम झालाच नसता.

पण दुसऱ्या सरकत्या फळीवरून ते खाली पडायचे. रोज, प्रत्येक वेळी. उडी मारायचे, पण जराशी उशिरा. आमच्या भाषेत याला रिअ‍ॅक्शन टाइम म्हणतात, म्हणजे डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ. उशिरा उडी म्हणजे हात मंद, असा माझा सरळ हिशोब. कोडं एवढंच होतं की खुंट्यांच्या फळीवर त्यांचा हात सुधारत होता आणि टीव्हीवर जिथल्या तिथं होता. एकच हात दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगत होता.

आठवडाभर हे चाललं. मग त्यांच्या पत्नी सुलभाताईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, काल घरी म्हणले, पाळी देऊन टाकू. या अंगठ्यात काही राहिलं न्हाई म्हणले. रात्री जेवले बी न्हाईत."

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. ज्या गेमनं त्यांना उभारी यावी म्हणून मी हौसेनं आणला, तोच रोज त्यांना पाडत होता. मी म्हटलं, "बंद करून टाकते उद्यापासून."

"काहून बंद करता?" सुलभाताई म्हणाल्या. "मला द्या बरं तो रिमोट. पुसेगावला माहेरी आमी भावंडं हाच खेळायचो."

त्यांनी पदर खोचला आणि बसल्या. सुरुवातीला चाचपडल्या, मग हात बसला. ओठातल्या ओठात गेमचं गाणं गुणगुणत, त्या तालावर उड्या मारत निघाल्या. पहिली फळी झाली. दुसऱ्या फळीवरून थेट खाली. पुन्हा खेळल्या, पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"मला कुठं लकवा झालाय?"

महाराज खुर्चीत ताठ झाले. "मी काय म्हणून राहिलो मग? आणि ते गाणं बी बघा, किती घाईत वाजून राहिलं!"

मग मी रिमोट घेतला. मी लहानपणी हा गेम कधीच खेळले नव्हते. आमच्या घरी अभ्यास सोडून कशालाच परवानगी नव्हती. दोनदा पडले आणि तिसऱ्यांदा दुसरी फळी पार केली. ज्यांना गेम पाठ होता ते दोघं पडत होते, आणि जिला काहीच येत नव्हतं ती पार गेली. म्हणजे घोळ अंगठ्यात नव्हता. पाठ असलेल्या तालात होता.

त्या दुपारी मी कलेक्शनचा मेनू पहिल्यांदा नीट वाचला. तिथं उत्तर होतं. हे गेम मूळ ज्या देशांत निघाले तिथले जुने टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे. आपल्याकडचे टीव्ही पन्नास दाखवायचे. हा गेम प्रत्येक चित्रामागं एक पाऊल पुढे सरकतो. त्यामुळे आपल्याकडच्या डब्यांवर तो लहानपणापासून सावकाशच चालत आलेला, गाण्यासकट. कलेक्शनवाल्यांनी मन लावून अस्सल वेग परत आणला होता. फक्त तो अस्सल वेग वसमत-पुसेगावात कुणी कधी पाहिलाच नव्हता.

सेटिंगमध्ये पन्नासचा पर्याय होता. मी तो लावला आणि दुसऱ्या दिवशी काही न सांगता महाराजांना बसवलं.

गाणं सुरू झालं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हां," एवढंच म्हणाले. पहिली फळी. दुसरी फळी. तिसरी. डावा अंगठा छोट्या माणसाला पुढे नेत होता, उजवा अंगठा उड्यांसाठी तालावर खाली-वर होत होता. लेव्हल संपली तेव्हा सुलभाताईंनी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर बसलेले गुडघेदुखीचे आजोबा आत डोकावून गेले.

आता लगेच हात बरा झाला असं मी लिहिलं तर माझे व्यवसायबंधू मला हसतील. हात मंद होताच. पण जेवढा मी समजत होते तेवढा नव्हता, आणि महाराजांना ते कळलं हे जास्त महत्त्वाचं. ते रोज यायला लागले. अंगठा आणि बोटं त्या गेमवर सुधारली. मनगटासाठी मात्र गेमचा उपयोग नव्हता. त्यासाठी मी क्लिनिकमध्ये प्लास्टिकचा टब ठेवला आणि त्यांना गडूनं पाणी ओतायला लावलं. फरशी ओली व्हायची. कामवाल्या मावशी माझ्यावर चिडायच्या, महाराजांवर नाही.

महाशिवरात्रीला मी देवळात गेले. गर्दी होती. चुलतभाऊ महाराजांच्या मागेच उभे होते, बाह्या सावरून. महाराजांनी गडू उचलला. धार पडली. सरळ आणि बारीक. मधेच एकदा तुटली. चुलतभावाचा हात पुढे आला.

"राहू द्या, भाऊजी," सुलभाताई हळूच म्हणाल्या. "ते धरतील पुन्हा."

महाराजांनी गडू खाली टेकवला, बोटं एकदा उघडली, मिटली आणि पुन्हा उचलला. मंत्र संपेपर्यंत धार तुटली नाही. माझे डोळे भरून आले. फिजिओथेरपिस्टनं असं रडू नये म्हणतात, पण तिथं मला कोण विचारणार होतं?

पाळी महाराजांच्या घरात राहिली. प्रसाद देताना त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला, उजव्या हातानं, आणि तो नीट पडलाय ना हे वाकून पाहिलं.

आता लोक विचारतात, असे जुन्या गेमांचे नवे संच घेण्यासारखे असतात का? मी म्हणते, घ्या. चित्र सुंदर असतं, डबा तापत नाही, कॅसेटमध्ये फुंकर मारावी लागत नाही. फक्त आधी पन्नासचा पर्याय आहे का ते बघा. नाहीतर तुम्हाला वाटेल की तुम्हीच म्हातारे झालात.

आणि कुणाच्या कागदावर 'प्रतिसाद मंद' असं लिहिण्याआधी मी आता सोबत आलेल्या धडधाकट माणसाला एकदा खेळायला बसवते.