तीन इंजिनिअर आणि हनिमूनची गाडी

गाडी खोलून परत जोडली की एक-दोन स्क्रू हातात उरतातच. ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि टाकूनही देववत नाहीत. मग ते दह्याच्या रिकाम्या डब्यात जातात. जर्मनीत आल्यानंतरच्या माझ्या पहिल्या पाच महिन्यांत असे दोन डबे भरले, आणि त्याच वेगाने किस्सेही साठले. स्क्रूंचं काय करायचं ते निरंजन बघेल. किस्से माझ्या वाट्याला आलेत, कारण ते घडत असताना हात रिकामे असलेली मी एकटीच होते.

आधी माणसं सांगते. निरंजन माझा नवरा. म्युनिकजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत तो इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आकडे भरतो. पेट्रोल किती जावं, ठिणगी केव्हा पडावी, हे त्या आकड्यांवर ठरतं. आकड्यांच्या त्या तक्त्याला ही मंडळी 'मॅप' म्हणतात. मंदार सायलेन्सरच्या आवाजावर काम करतो. सुहास सॉफ्टवेअरमधला, आणि पाणी प्यायचं झालं तरी आधी कुणाचं तरी अप्रूव्हल घेणारा. तिघे पुण्याच्या एका कॉलेजातले, आता तिघेही म्युनिकशेजारच्या गार्चिंग गावचे.

आमचं लग्न झालं फेब्रुवारीत. चौथ्या दिवशी निरंजन कामावर परतला आणि माझा व्हिसा आला एप्रिलच्या शेवटी. हनिमून राहूनच गेला. त्याची भरपाई फोनवर ठरली होती: मोटरसायकलवरून आल्प्सचा घाट, तो पुढे, मी मागे, ऑक्टोबरात बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत. मी फार काही मागणारी नाही. पण सांगलीहून निघताना चार साड्या कमी करून मी बॅगेत जाड जॅकेट कोंबलं होतं, ते या घाटासाठी.

\*

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी निरंजनने मला गाडी दाखवायला नेलं. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या लाकडी कोठाराचा कोपरा तिघांनी भाड्याने घेतला होता. गाडी तिथे होती, पण एका जागी नव्हती. इंजिन टेबलावर, टाकी खिडकीत, चाकं भिंतीला टेकून. सेकंडहँड, दोन सिलिंडरची, तब्येतीने चांगली, असं मला सांगण्यात आलं.

मग लॅपटॉप उघडला आणि माझ्यासाठी चक्क प्रेझेंटेशन सुरू झालं. नवा सायलेन्सर, नवा मॅप, दोन्हींचा मेळ, मग सरकारी तपासणी, मग घाट. दर पायरीला तारीख. तिसऱ्या स्लाइडवर 'हे कुणासाठी' या मथळ्याखाली माझं नाव होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सातव्या स्लाइडचा मथळा होता 'धोके'. तिथेही तेच एक नाव होतं.

\*

पहिले दोन महिने ताकद वाढवण्यात गेले. शनिवारी गाडी एका वर्कशॉपमध्ये न्यायची, रोलरवर चढवायची, पळवायची आणि आलेख काढायचा. मग घरी येऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर तो आलेख पसरून तिघांनी त्याकडे टक लावून बघायचं. मी पोळ्या वाढायची त्या आलेखाच्या कडेकडेने.

गाडी कागदावर अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवरची. जूनच्या अखेरीस ती चोपन्नवर गेली. त्या संध्याकाळी मोठी पार्टी झाली. मंदारने बिअर आणली, सुहासने भाषण केलं, मी बटाटेवडे तळले.

सोमवारी मंदारने नियम वाचला. तपासणीचे नियम आधी वाचायचे असतात, पण तिघेही इंजिनिअर होते. कागदावरच्या आकड्यापेक्षा ताकद एवढी वाढली, तर धुरापासून ब्रेकपर्यंत सगळ्या चाचण्या नव्याने, आणि त्याला सहा महिने. म्हणजे घाट गेला. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच म्हणाले नाही. मी काही म्हणत नाही याची त्यांना फार भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग जुलैभर ताकद कमी करायचं काम चाललं. मधल्या वेगात जोर राहिला पाहिजे, पण वरचा आकडा उतरला पाहिजे, असं काहीतरी ते नाजूक होतं. शेवटी गाडी बरोबर अठ्ठेचाळीसवर आली.

त्या संध्याकाळीही पार्टी झाली. तेवढीच मोठी.

\*

सायलेन्सरच्या आत आवाज दाबणारी एक नळी असते, अंगभर भोकं असलेली. मंदार ती सारखी काढायचा, मोजायचा, परत बसवायचा. एकदा ती काजळीने भरली, म्हणून निरंजनने मला न विचारता आमच्या डिशवॉशरमध्ये लावली. कपबशांच्या शेजारी.

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो. कॉलेजात निरंजन एकदा गाडीवरून पडला होता, तेव्हापासून 'पुन्हा मोटरसायकल नाही' अशी शपथ त्यांनी त्याच्याकडून घेतलेली. त्यामुळे कोठार, गाडी, घाट यातलं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मी फोन ओट्यावर उभा केला आणि मागे ताटाळ्यात ती नळी निथळत होती.

"ते काय गं मागे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत निरंजन म्हणाला, "इडलीपात्र, आई. इथल्या पद्धतीचं."

 सासूबाईंनी इडल्यांची चौकशी केली, पीठ इथल्या हवेत फुगतं का ते विचारलं, माझ्या जर्मन क्लासची चौकशी केली. निरंजनचा चेहरा हळूहळू सैल पडला. फोन ठेवता ठेवता त्या मला म्हणाल्या, "आणि हे बघ, ती काजळी भांड्यांच्या साबणाने निघायची नाही. वॉशिंग सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घाल. ह्यांच्या गाडीची मी वर्षानुवर्षं तशीच काढलीये. आणि त्याला म्हणावं, हेल्मेट घाल."

सोड्याने स्वच्छ निघाली.

\*

ऑगस्टमध्ये संकट आलं ते शेजारून. कोठाराच्या पलीकडच्या घरात फ्राऊ ग्रूबर, म्हणजे ग्रूबरबाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. जर्मनीत आवाजाचा त्रास झाला तर माणसं भांडायला येत नाहीत, तक्ता करतात. तारीख, किती ते किती, आवाजाचा प्रकार, झालेला त्रास. तो तक्ता मालकाकडे जातो आणि मग भाडेकरू जातो. फ्राऊ ग्रूबरांनी तीन महिन्यांचा तक्ता दिला होता. मालकाने तो निरंजनला दाखवला आणि सांगितलं की त्यांची समजूत काढा, नाहीतर महिनाअखेर कोपरा रिकामा करा.

निरंजन कागद घेऊन घरी आला. मला वाटलं, हा आता खचणार. तो टेबलाशी बसला, वाचायला लागला आणि त्याचे डोळे चमकायला लागले. दोन वाजून दहा मिनिटं, घोगरा. दोन पंचवीस, शिट्टीसारखा, तुटक. दोन चाळीस, खोल, सलग, कमी त्रासदायक. या तिघांनी कुठला मॅप किती वाजता टाकला याची नोंद ठेवली होती, पण आवाज कसा येत होता ते कुणीच लिहिलं नव्हतं. बाईंनी ते तीन महिने लिहिलं होतं. पावसाच्या नोंदीसकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. निरंजनने माफी मागितली, ती फार थोडक्यात. मग त्याने अत्यंत आदराने विचारलं की मे महिन्याचं पहिलं पान पुसट आलंय, मूळ प्रत मिळेल का.

फ्राऊ ग्रूबरांनी लाडू घेतले. चाळीस वर्षं शिकवून कुणी त्यांचं लिखाण इतकं मन लावून वाचलं नसावं. त्या आत गेल्या आणि चष्मा लावून वही घेऊन आल्या. दुपारी एक ते तीन आणि रविवारी पूर्ण शांतता, या बोलीवर कोपरा वाचला.

पुढच्या आठवड्यात तक्त्यात एक नवा रकाना होता: सुधारणा.

\*

सप्टेंबरमध्ये शेवटची चाचणी होती. एकाने लॅपटॉप बघायचा, एकाने आवाजाचा मीटर धरायचा, एकाने रस्त्याच्या टोकाला उभं राहून वेळ घ्यायची. तिघांची वाटणी झाली आणि मग सुहासच्या लक्षात आलं की गाडी कुणी चालवायची?

मी सांगलीत वडिलांची मोटरसायकल पाच वर्षं चालवलेली. माझं लायसन्सही गिअरच्या गाडीचं. इथे आल्यावर सहा महिने ते चालतं, जर्मन भाषांतर जोडलं की झालं. ते भाषांतर निरंजननेच करून घेतलं होतं, कारण कागद असलेला बरा. मी हेल्मेट घातलं.

मी फुल थ्रॉटल दिला नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि तशीच हळू परत आले. गाडी उचक्या देत होती. तसं मी सांगितलं. तिघांनी लॅपटॉपकडे बघितलं. "काहीच दिसत नाहीये वहिनी," सुहास म्हणाला. "लॉग एकदम क्लीन आहे."

मी त्याला विचारलं, ही लॉगची नोंद कुठून सुरू होते. तीन हजार आरपीएमपासून, म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागल्यावर. त्याच्या खालीही कुणी गाडी चालवतं, हे तिघांच्या गावीही नव्हतं.

"शनिवारच्या बाजारातून हँडलला पिशवी अडकवून जाताना गाडी कशी चालते, ते तपासा," मी म्हणाले. पाच महिन्यांतलं माझं त्या कोठारातलं सर्वांत लांब वाक्य.

दोन दिवसांत उचकी गेली. सुहासने दोघांच्या सह्या घेऊन तो मॅप फायनल केला. फाइलचं नाव: मंडई\_१.

\*

तपासणी सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी होती. रजा सोमवारपासून. घाटावर पुढच्या आठवड्याच्या शेवटी बर्फ सांगितलं होतं.

आम्ही चौघंही गेलो. निरंजनकडे रंगीत पानं घालून लावलेली फाइल होती. तपासणारे हेर विंकलर ('हेर' म्हणजे इथलं श्रीयुत), पांढऱ्या मिशांचे, 'या' (हो) आणि 'गेनाऊ' (बरोबर) यांच्यापलीकडे फारसं न बोलणारे. त्यांनी आवाज मोजला: नियमात बसला. धूर मोजला: बसला. सायलेन्सरचा कागद बघितला, त्यावरचा नंबर नळकांड्यावरच्या नंबराशी ताडला: बसला. गाडी एक चक्कर मारून आणली आणि उतरताना म्हणाले की कमी वेगात फार छान चालते, असं क्वचित मिळतं. मंदारने सुहासचा हात दाबला.

मग हेर विंकलर गाडीच्या मागे गेले. डावीकडे वाकले. वळसा घालून उजवीकडे वाकले. उभे राहिले, कागद बघितला.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'तर मग'. "इथे दोन सीट लिहिल्यात. दुसरा माणूस पाय कुठे ठेवतो?"

तिघेही गाडीच्या मागे वाकले. नवा सायलेन्सर जिथे टांगला होता तिथेच आधी मागच्या माणसाचा पाय ठेवायचा दांडा होता. तो तिघांनी मे महिन्यातच काढला होता, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसराही काढला होता. जुने दांडे कुठेत, असं निरंजनने हळूच विचारलं. मंदारने ते भंगार गोळा करण्याच्या केंद्रावर नेऊन, नियमाप्रमाणे, ॲल्युमिनियमच्या पेटीत टाकले होते. पाच महिने तीन इंजिनिअर ज्या गाडीवर राबले ती मला मागे बसवून घाटात न्यायची होती, आणि त्या गाडीला मी मागे बसायची सोयच नव्हती.

हेर विंकलरनी दोन मार्ग सांगितले. एक: नवे दांडे मागवा, सायलेन्सर वेगळा टांगा, तीन-चार आठवड्यांनी परत या. दोन: ते आत्ताच कागदावर ही गाडी एका सीटची करून देतील. मग ती आज पास, सोमवारपासून रस्त्यावर. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

निरंजनने गाडीकडे बघितलं. तिच्यावर त्याचे पाच महिने होते, सगळे शनिवार होते. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी ते जाड जॅकेट घालूनच आले होते, का ते मलाही सांगता येणार नाही.

"दोनच राहू द्या," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "घाट पुढच्या वर्षी बघू."

मंदार जमिनीकडे बघत होता. सुहासने सहीसाठी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. हेर विंकलर मात्र लिहायच्या आधी माझ्याकडे वळले, बहुधा सवयीने, की ज्या माणसाच्या पायांचा प्रश्न आहे त्याला विचारलेलं बरं.

मी पर्समधून माझं सांगलीचं लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ऑक्टोबरअखेरपर्यंत चालणार होतं. मग मनातल्या मनात क्रियापद जागेवर लावून घेतलं आणि जर्मनमध्ये म्हणाले,

"एकच लिहा. नवरा बसने येईल."