कोंडवाड्यातली गाय

काळ्या मनुका भिजत घातल्या की त्या वासानं मला कडावची ख्रिस्ती सभा आठवते. सत्तर सालाच्या सुमारास मी कर्जतहून सायकलनं तिथं उपदेशक म्हणून जायचो. सारवलेल्या ओटीवर दहाबारा माणसं, शेजारी गोठा, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा नि प्याला वाटतात त्याला, द्राक्षरस म्हणून मनुकांचं पाणी. एका रविवारी प्याला फिरवताना मी दूध घालणाऱ्या एका म्हातारीला ओलांडून पुढे गेलो. तिचा बाप्तिस्मा मीच केला होता, पण नातवाचा ताप उतरेना म्हणून तिनं गावदेवीला नारळ फोडला होता, आणि असं करणाऱ्याला काही महिने प्रभुभोजन द्यायचं नाही असा आमचा नियम. तिचे पुढे केलेले हात तसेच राहिले. सभा संपल्यावर तिनं मला गोठ्यापाशी गाठलं. "म्हंजे येशूनं मला सोडली का रं बाबा?" मी म्हणालो, "तसं नाही आजी, पण नियम आहे. पुढच्या महिन्यात पाहू." ती म्हणाली, "गाय लोकांच्या भातात शिरली तर धनी तिला कोंडवाड्यातनं सोडवून आणतो. ही माझी नाय, असं म्हणतो का?" मी सायकलवर टांग मारली. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा ती नव्हती. सून म्हणाली, "शेवटपातूर इचारत होती, उपदेशक आलं का म्हणून." आता माझे हात थरथरतात, म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी सभेतली पोरं प्याला माझ्या ओठांशी धरतात. धरण्याआधी, मी कुठं चुकलो का, असं मला कुणीच विचारत नाही.