मोबाईलवर न आलेली तारीख

त्या काळात गुरांच्या तारखा मी मोबाईलवर ठेवायचो आणि त्याचा मला भलताच माज होता. सेनगावकडच्या गावांत मी गुरांचा डॉक्टर म्हणून हिंडायचो. खरं तर मी नुसता डिप्लोमावाला, पण लोक डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं. गाय-म्हैस गाभण राहिली, की विण्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं लिहून ठेवायची आमच्याकडं पद्धत. मला त्याचं हसू यायचं. दोन हजार सालानंतर कधीतरी हिंगोलीच्या नेट कॅफेत मी ईमेल उघडलं होतं आणि त्याच्याबरोबर कॅलेंडर फुकट मिळालं होतं. महिन्यातून एकदा जाऊन तारखा भरायच्या. दिवस जवळ आला की मोबाईलवर आपोआप मेसेज. कुठल्या परमुलखातली कंपनी, पण माझ्या म्हशींची आठवण ठेवायची. दोन वर्षं एकही तारीख चुकली नाही.

तांड्यावरच्या एका मावशीची म्हैस गाभण होती. आदल्या वेताला रेडकू आडवं येऊन मेलं होतं, म्हणून या वेळेस तिनं माझ्याकडून शब्दच घेतला. तारखेच्या आठ दिवस आधी येऊन तपासतो, म्हणालो. ती गेरू शोधायला लागली.

"काहून लिहिता मावशी? माझ्या मोबाईलवर येते ना."

"बराबर याल ना?"

"येतो म्हणलं ना!"

मेसेज आला नाही. मेसेज नाही म्हणजे तारीख लांब आहे, असं समजून मी निवांत होतो. एक दिवस दुपारी जीपवाला तिचा निरोप घेऊन आला. पोचलो तर म्हैस आडवी पडून कण्हत होती. कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या. तांड्यातला एक जाणता म्हातारा हात घालून बघतो म्हणत होता, तर मावशीनंच त्याला थांबवलं होतं. डॉक्टर येणार हाय, म्हणाली होती. रेडकाचा पाय मागं दुमडला होता. मी ते ओढून काढलं, पण मेलेलं. म्हैस कशीबशी वाचली. मावशी माझ्याकडं बघतही नव्हती.

माझा सगळा राग कंपनीवर. फुकट देता म्हणून काय केसानं गळा कापायचा? दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हिंगोली गाठली. ईमेलमध्ये कंपनीचं पत्र पडलेलं, दीड महिन्यापूर्वीचं. कॅफेवाल्यानं अर्थ सांगितला: अमुक तारखेपासून मोबाईलवर मेसेज पाठवणं बंद. अरे, मग तेवढं मेसेजवर कळवायला काय झालं होतं? ईमेल मी कधी वाचतच नव्हतो. मला कोण पत्र लिहिणार होतं? तारखा भरल्या की मी उठायचो. तरी दगा मलाच झाला होता, आणि तो मला तिला दाखवायचा होता.

पत्राची प्रिंट घेऊन तडक तांडा गाठला. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद तिच्यापुढं धरला आणि सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी बंद करायच्या आधी त्यांनी तुमाला कळवलं व्हतं?"

"हो, पण मावशी..."

"मंग ते तुमच्यापरीस बरे, डॉक्टर."