मोकळ्या सड्यावर थांबवा

त्या पिकअपची घटना मी आजही विसरलेलो नाही. मध्यंतरी विसरल्यासारखी झाली होती. गाड्यांच्या शोरूममधल्या एका विक्रेत्याने ती पुन्हा वर काढली.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी कलमांची बाग बघतो. आंब्याच्या पेट्या न्यायला स्वतःची पिकअप हवी होती. वही घेऊन शोरूममध्ये गेलो आणि विक्रेता एकेक सोय सांगेल तशी लिहून घेत गेलो. मागे घेताना दिसणारा कॅमेरा. चढावर ब्रेक सोडला तरी गाडी मागे घसरू न देणारी सोय. चाकातली हवा कमी झाली की लागणारा दिवा. पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटी. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारं ॲप. सगळ्यात शेवटी तो पुढे झुकला आणि म्हणाला, "साहेब, ही तर सगळ्यात भारी. घरबसल्या इंजिन बंद. ड्रायव्हरनं लबाडी केली की नुसतं बोट लावायचं, गाडी जागेवर."

मी वही मिटली आणि चहा न घेताच बाहेर पडलो.

ती घटना घडली तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत आमच्या ठाण्याच्या हद्दीत होती. याद्या करून काम करण्याबद्दल मला नावाजलं जाई. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर मी स्वतः तयार केलेली एक यादी चिकटवलेली होती, 'वाहनचोरी : पहिल्या तासातील कामे'. एकूण नऊ कामे. नवीन हवालदार आला की आधी ती यादी पाठ करायला लावायचो.

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. वसाहतीत मासळी साठवण्याचा कारखाना असलेले एक शेठ घाईघाईने ठाण्यात आले. त्यांची नवी पिकअप ड्रायव्हर न विचारता घेऊन गेला होता. गाडीला दोन महिनेही झाले नव्हते. शेठच्या सोबत कारखान्याचा वॉचमन होता, मंडणगडकडचा, साठीला टेकलेला माणूस.

मी आधी वॉचमनला विचारलं, "जाताना काय म्हणाला तो?"

"म्हणाला, काका, अर्जंट भाडं आलंय, सोडून येतो."

"कसलं भाडं?"

"ता काय बोलला नाय. घाईत व्हता."

शेठ म्हणाले, "बघा साहेब. माझी गाडी, माझं डिझेल, आणि हा भाडी मारतोय. पाच वर्षं घरच्यासारखा ठेवला याला."

भाडं हा शब्द मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. त्या एका शब्दावर मी सगळा तपास उभा केला. मालाच्या गाडीतून चोरून भाडी मारणारे ड्रायव्हर आम्ही रोज पाहत होतो. त्यामुळे या माणसाबद्दल मला काही नवीन विचारावंसं वाटलंच नाही.

शेठनी मोबाईल टेबलावर ठेवला. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता. आतल्या डोंगरातल्या एका वाडीवर गाडी दहा मिनिटं थांबलेली होती आणि आता ती परत शहराकडे येत होती. खरं तर तेवढ्यावरच मला थांबायला हवं होतं. चोर चोरलेली गाडी परत शहरात कशाला आणेल? पण भिंतीवरच्या यादीत हा प्रश्न नव्हता.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. ड्रायव्हरचाच होता.

मी म्हटलं, "उचलू नका. सावध होईल." ते यादीतलं चौथं काम होतं.

फोन वाजून थांबला. शेठ म्हणाले, "साहेब, यात गाडी इथूनच बंद करायची सोय आहे. पळतीला एकदम झटका देत नाही. वेग अगदी कमी झाला की इंजिन बंद होतं, मग चावी फिरवून उपयोग नाही. करू?"

मला ते फार आवडलं. नाकाबंदी नको, पाठलाग नको, कुणाला इजा नको. मी नकाशा जवळ घेऊन पाहिला. गाडी वाडीचा उतार संपवून कातळावर येणार होती. पुढे सात किलोमीटर नुसता सडा, उघडं कातळी पठार. झाड नाही, घर नाही, दुकान नाही.

"वस्तीत नको, माणसं जमतात," मी म्हणालो. "मोकळ्या सड्यावर थांबवा."

हे माझं पाचवं काम. शेठनी बोट लावलं. पाच-सहा मिनिटांनी ठिपका थांबला आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'वाहन सुरक्षित'.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदाराला आणि शेठना सोबत घेतलं आणि जीप काढली. वाटेत शेठचा फोन सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघत आणि मी मान हलवत असे. सडा चढताना समोरून एक रिक्षा आली, दोन्ही बाजूंचे पडदे सोडलेले, हॉर्न दाबूनच धरलेला. हवालदार म्हणाला, "एवढ्या उन्हात याला कसली घाई लागलीय?" आम्ही हसलो.

पिकअप रस्त्याच्या कडेला उभी होती. ड्रायव्हर पळून गेलेला नव्हता. तिशीतला, सडपातळ, अंगातला सदरा घामाने भिजलेला. मागच्या चाकाला त्याने जांभा दगड लावून ठेवला होता, उतारावर गाडी सुटू नये म्हणून. शेठना बघून तो धावत आला.

"शेठ, तुमी फोन का नाय उचललात? गाडीला काय झालं कळना. चावी मारून मारून हात दुकला."

शेठनी तोंड फिरवलं. मी दार उघडलं. शेजारच्या सीटवर रक्त होतं. सीटवर टाकलेली गोधडी भिजलेली होती.

"भाडं कुठं उतरवलंस?" मी विचारलं.

"भाडं नव्हतं साहेब. भैन व्हती माजी. रिक्षा मिळाली तशी आयेसोबत फुडं धाडली."

"तू का नाही गेलास?"

"शेठची गाडी उघड्यावर टाकून कसा जाऊ?"

माणसं खोटं कसं बोलतात याचा मला वीस वर्षांचा अनुभव होता. खरं कसं बोलतात याचा तितका नव्हता, कारण खरं बोलणारी माणसं ठाण्यात फार वेळ बसत नाहीत. मी पुढचा प्रश्न टाकला.

"मग वॉचमनला भाडं आलंय का सांगितलंस?"

तो खाली बघू लागला. त्याच्या गप्प बसण्याला मी कबुली समजलो.

शेठनी तिथंच मोबाईलवरून कुलूप काढलं आणि हवालदाराने पिकअप ठाण्यात आणली. ड्रायव्हरचा मोबाईल मी पुरावा म्हणून ताब्यात घेतला. चौकशी सुरू झाली. कुणाला नेलं, कुठे उतरवलं, रक्त कुणाचं, याआधी किती वेळा नेलीस. तो एकच सांगत होता, बहीण होती, दवाखान्यात नेत होतो. मी पुन्हा भाड्यावर येई आणि तो पुन्हा गप्प होई. मधूनमधून म्हणे, "साहेब, येक फोन करू द्या. आयेला नुसतं इचारतो."

"जबाब झाल्यावर," मी म्हणायचो.

हवालदार जुना माणूस होता. त्याने मला दाराशी बोलावून हळूच विचारलं, "साहेब, दवाखान्यातल्या चौकीला विचारू का?" मी म्हटलं, आधी कागद पूर्ण होऊ देत. दीड तास मी कागद पूर्ण करत होतो.

पुरावा पक्का करायचा म्हणून शेठना ॲपमधली त्या दिवसाची सगळी नोंद काढायला सांगितली. गाडी किती वाजता निघाली, कुठे थांबली, मला सगळं पंचनाम्यात घ्यायचं होतं. शेठ वाचू लागले आणि मी लिहू लागलो. कारखान्यातून निघाली. वाडीवर थांबली. दार उघडलं. दार बंद झालं.

मग शेठ अडखळले. "शेजारच्या सीटवर प्रवासी, पट्टा लावलेला नाही."

"पुढे."

"पुन्हा तेच आहे. शेजारच्या सीटवर प्रवासी, पट्टा लावलेला नाही." त्यांचं बोट खाली सरकत राहिलं. "तेच. पुन्हा तेच. साहेब, हे वाडीपासून सड्यापर्यंत सारखं येतंय."

ड्रायव्हर भिंतीशी बाकावर बसला होता. तो म्हणाला, "घंटी वाजत व्हती सारखी. ती आयेच्या मांडीवर आडवी व्हती. पोटावर पट्टा कसा लावणार?"

शेठनी पुढचं वाचलं. वेग चाळीस. वेग तीस. वेग बारा.

"इथं हळू का केलीस?" मी विचारलं.

"सड्यावरचा रस्ता उकरलाय साहेब. तिला हादरे बसत व्हते. आये बोलली, बाबा, हळू घे."

तो हळू झाला आणि इंजिन बंद पडलं. त्यापुढे नोंदीत एकच ओळ होती, एकीखाली एक : 'इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न'. मी त्या ओळी मोजल्या. एकतीस होत्या. आम्ही पडद्यावर 'वाहन सुरक्षित' वाचून खूश झालो, तेव्हा तो तिथे उन्हात चावी फिरवत होता. गाडीला सगळं माहीत होतं. गाडीत माणूस आहे हे ती ओरडून सांगत होती आणि ते याच मोबाईलवर, नकाशाच्या खालच्याच पानावर येत होतं. आम्ही दोघे फक्त ठिपका बघत होतो.

मी त्याचा मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने फोन लावला, ऐकलं आणि बंद केला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "पोर गेलं."

बहीण वाचली. आठवा महिना होता. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती, म्हणून आईने भावाला फोन केला होता. शेठ त्या वेळी जेवायला घरी गेलेले. त्यांना वाटेतून फोन करू असं त्याने ठरवलं होतं आणि केलाही होता. तो मीच उचलू दिला नव्हता.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मी विचारलं, "आजी, त्यानं वॉचमनला भाडं का सांगितलं?"

"मीच सांगितलं व्हतं तेला," ती म्हणाली. "ह्याआदी दोन येळा पोरीचं पोट रिकामं झालं. ह्या येळेला ठरवलं, पोर हातात येईस्तवर कुणाच्या कानावर घालायचं नाय. नजर लागते. म्हटलं, कुणी इचारलं तर भाडं हाय म्हण."

हे मला कळायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या बायकोच्या वेळी माझ्या आईने शेजारणींना पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे घराघरात अशी माणसं आहेत. पण वर्दी चढवली की आपण आपल्याच घरातली भाषा विसरतो.

बहीण अर्धा तास आधी पोचली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्या तपासात मी जाणूनबुजून न विचारलेला तेवढा एकच प्रश्न आहे.

शेठनी तक्रार मागे घेतली. जाताना म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, करा म्हणून." मी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातात नवी वस्तू होती आणि समोर ती वापरा म्हणणारा अधिकारी. स्टेशन डायरीतली माझी नोंद अजून कुठल्या तरी कपाटात असेल : 'तांत्रिक साहाय्याने वाहन मोकळ्या जागी सुरक्षित रोखण्यात आले.' तिच्यात एकही अक्षर खोटं नाही.

भिंतीवरची यादी मी दुसऱ्या दिवशी उतरवली. नवी केली, तिच्यात पहिलं काम लिहिलं : 'गाडीत आणखी कोण आहे?' माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने ती काढून छापील तक्ता लावला, असं ऐकलं.

लोक मला विचारतात, या सोयी घेण्यासारख्या आहेत का. कॅमेरा घ्या, मागे कुणी उभं असेल तर दिसतं. चढावरची सोय आमच्या घाटांत हवीच. घंटीही घ्या, पण ती वाजली तर का वाजतेय ते बघा. दुरून इंजिन बंद करायची सोय ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. घेण्याआधी एवढं समजून घ्यावं की ती वापरणारा गाडीत बसलेला नसतो.

तो ड्रायव्हर मला या हंगामात नाटे बंदरावर भेटला. मासळीचे क्रेट भरत होता. त्याने मला ओळखलं आणि ओळख दाखवली, ते त्याचे उपकार. शेजारी एक जुनी पिकअप उभी होती, पत्रा गंजलेला, मागच्या चाकाला जांभा दगड लावलेला.

"तुझी?" मी विचारलं.

"माजीच."

"बहीण बरी?"

"हाय." तेवढंच बोलला.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हिच्यात काय काय आहे?"

त्याने क्रेट वर चढवला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चार चाकं हायत साहेब. आनि चावी माज्याकडंच आसते."