चेपोसैतचा कमरपट्टा

चेपोसैतची जीभ म्हणजे मिरची! केनियातला अख्खा पोकोत लोकांचा मुलूख तिला वचकून असे. पण त्या दुष्काळात तिनं जे केलं, ते एकट्या जिभेच्या बळावर झालं नसतं.

पाऊस लागोपाठ चौथ्या वर्षी हुकला होता. कोरड्या नदीत खणलेल्या खड्ड्यातलं गढूळ पाणी माणसं आणि शेळ्या मिळूनच पीत. चेपोसैतच्या नातीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, डोळे खोल गेले. दवाखाना नदीपलीकडे, तुर्काना लोकांच्या गावात. पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्यांत दोन्हीकडची माणसं मेलेली.

"वेड लागलंय का, आई? विष घालतील तिथं," मुलगा लिमारेंग म्हणाला.

"इथं तरी काय अमृत पाजतोयस?" म्हातारीनं पोर पाठीशी बांधली आणि निघाली.

तिथली नर्स नापेयोक. पोटुशी, दिवस भरत आलेले. तिचा भाऊ पोकोतांच्याच गोळीनं गेलेला. तिनं म्हातारीच्या गळ्यातले पोकोती मणी पाहिले आणि पोरीला सलाईन लावलं. पोरगी "भूक" म्हणाली तेव्हा चेपोसैत ढसाढसा रडली. त्या नर्सचे उपकार ती अजून येताजाता आठवते.

नातीसाठी शेळीचं दूध न्यायला ती घरी आली, तर लिमारेंग आणि त्याचे सोबती बंदुका घेऊन निघालेले. त्याच गावावर, पाणी आणि जनावरं लुटायला.

"अरे, तुझी पोरगी तिथं बरी होतेय!"

"मग आधी तिला घेऊन ये. आम्ही नंतर जातो."

हे ऐकून म्हातारीचं डोकंच फिरलं. झोपडीतून तिनं आपला कवड्यांचा कमरपट्टा आणला. बाया गरोदरपणात बांधतात तो. वाटेवर आडवा टाकला. आईचा पट्टा ओलांडून गेलेला लढाईतून परत येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"आई, उचल तो!"

"तू पोटात होतास तेव्हा हाच बांधला होता मी. ओलांड की! मर्द ना तू?"

"लिमारेंग आईला भ्यायला!" मागून एक जण हसला.

"मग तू ओलांड, बाबा," म्हातारी म्हणाली.

कुणी पाऊल उचललं नाही. शिव्या घालत सगळे माघारी गेले.

दूध घेऊन ती निघाली तेव्हा लिमारेंगही बरोबर आला, बंदूक घरी ठेवून. दवाखान्याच्या दारात नापेयोकनं पोरगी त्याच्या हातात दिली.

चेपोसैतनं वाटेवरून उचलून आणलेला कमरपट्टा काढला आणि नर्सच्या पोटाभोवती बांधला.

"आमच्यात नाही बांधत हा, मावशी," नापेयोक म्हणाली.

"असू दे. आता तुझं पोरही या पट्ट्यातलं, माझ्या लिमारेंगसारखंच," म्हातारी म्हणाली. "आणि बाळंत झालीस की परत आणून दे. सुनेला पुन्हा दिवस गेलेत."